परातीतला हंगाम: वेचणीच्या दिवसांत लहान लेकरांना खेळायला काय द्यावं?

बोंडफूल (१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पटावर २१ लेकरं, रोजची चौदा-पंधरा. दिवाळी झाली की आमच्याकडे कापूस वेचणीची धांदल. बाया सकाळी सातलाच कमरेला कापूस भरायची कापडाची ओटी बांधून वावराकडे निघतात. लेकरं मग कुणी आजीचं बोट धरून येतात, कुणी मोठ्या बहिणीच्या कडेवर.

मोबाईलवर सेन्सरी प्लेचे, म्हणजे हातानं चाचपून, वास घेऊन खेळायच्या खेळांचे व्हिडिओ पाहायची मला सवय लागली आहे. पसरट डबा, त्यात रंगवलेला तांदूळ, प्लास्टिकची पिवळी-तांबडी पानं, नकली भोपळे, लाकडी चिमटे. म्हणे हिवाळ्याच्या तोंडावरचा खेळ. आता आपल्याकडे कार्तिकात पानं कुठं झडतात? पळस-साग उघडे पडतात तेव्हा होळी जवळ आलेली असते. म्हटलं, आपला हंगाम आपणच परातीत मांडू.

घरची मोठी पितळी परात नेली. एका बाजूला सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरतो तो भुसा), एका बाजूला कापूस, मध्ये तुरीच्या हिरव्या शेंगा, थोडी ओली काळी माती, वर संत्र्याच्या साली. फोटो असा आला की पर्यवेक्षिका मॅडमनी ग्रुपवर अंगठे दिले.

खेळ चालला दहा मिनिटं. कुटार उडालं, तिघं मान खाजवत रडायला लागली. माती कापसात गेली आणि कापसाचे काळे गोळे झाले. साडेतीन वर्षांच्या एकानं शेंग सोलून हिरवा दाणा नाकात घातला. मदतनीस ताईंनी पाहिलं, तो शिंकला, दाणा बाहेर आला. तोवर माझे हातपाय गार.

संध्याकाळी त्याच्या आईला सांगितलं तर ती हसली. "मॅडम, घरी दिवसभर सोयाबीनच्या ढिगावर लोळते थो. तवा नाई घालत नाकात."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. घरी जे लेकरू शहाण्यासारखं वागतं ते माझ्या परातीपाशी का बिथरलं? कुटाराच्या जागी काय घेऊ? तीन वर्षांची आणि साडेपाच वर्षांची एकत्र कशी बसवू? खर्च करायला पैसे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

---

वऱ्हाडी_ठेचा (रात्री ९:५५)

ताई, थो अंगठेवाला फोटो टाका ना इथं.

---

झाडीपट्टीवाली (रात्री १०:२०)

ताई, तुमच्या परातीत पाच चिजा होत्या. तिथंच घात झाला, असं मला वाटतं.

मी भंडारा जिल्ह्यातली, आमच्याकडे धान. माझी जुळी पोरं चार वर्षांची. गेल्या वर्षी मीही असाच बाजार मांडला होता: धानाच्या लोंब्या, तनस, कोंडा, तलावातला गाळ, शिंगाडे. पोरं एकाला हात लावत, लगेच दुसऱ्याला, मग सगळं कालवून मोकळी. यंदा एकच वस्तू ठेवते. सोमवारी फक्त लोंब्या. पायाखाली घालून मळा म्हटलं. तळव्याला टोचतं, गुदगुल्या होतात, दाणे सुटतात, मग खाली बसून एकेक वेचतात. अर्धा तास माझ्याकडे बघत नाहीत. धानाचं टोक बारीक आणि खरखरीत असतं, म्हणून डोळ्याकडे हात जाऊ देत नाही आणि नंतर हातपाय धुवायला लावते.

कुटार मात्र सोडाच. सोयाबीनच्या झाडाला आणि शेंगेला बारीक लव असते, तीच खाजवते. मोठी माणसं मळणी यंत्रापुढे उभी राहतात तेव्हा तोंडाला दुपट्टा बांधतात, मग लेकरांची काय कथा.

शिंगाड्यांबद्दल एक सांगते. शिजवायच्या आधी कच्चे हातात दिले तर त्यांच्या दोन शिंगांवर पोरं फिदा असतात. पण टोकं दगडावर घासून बोथट करून द्यावी लागतात. हे मी बोटातून रक्त आल्यावर शिकले. माझ्याच.

---

कान_नाक_घसा (१७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०)

दाण्यावर थोडं सविस्तर लिहितो. बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली आहेत, सुगीच्या दिवसांत अशी लेकरं येतातच.

तुमच्या लेकराचा दाणा हिरवा होता आणि लगेच निघाला, हे नशीब. वाळलेली तूर, हरभरा, वाटाणा नाकात राहिला तर ओलाव्यानं फुगतो आणि काढणं अवघड होतं. लेकरू सांगत नाही. आठवड्यानं आई म्हणते, एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतं. दोन्हीकडून शेंबूड आला तर सर्दी म्हणा, एकाच बाजूनं आणि वास मारत असेल तर आत काही आहे का हे तपासून घ्या.

घरी पिन, काडी, चिमटा घालू नका, दाणा आणखी मागे जातो. कानात गेला असेल तर पाणी ओतू नका, तिथंही तो फुगतो. आणि घड्याळाचा किंवा खेळण्याचा गोल चपटा सेल नाकात गेल्याची शंका असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. तो काही तासांत आतली कातडी जाळतो.

खेळण्यांच्या तपासणीत एक नळकांडं वापरतात, सव्वा इंच रुंद. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, असा नियम. तुमच्याकडे तिनाच्या पुढची आहेत हे खरं, पण नुकती तीन पूर्ण झालेली आणि साडेपाचची यांत फार फरक असतो. दाणे मोठ्यांना, तेही कुणीतरी समोर बसलेलं असताना. लहानांना दाण्याशिवायचं काहीतरी.

घरी का घालत नाही? घरी तो ढीग रोजचाच आहे. परातीत मांडलेली वस्तू नवी वाटते, आणि नवी वस्तू या वयात नाकातोंडाजवळ जातेच.

---

काळी_माती (सकाळी ११:३०)

बाई, मी सत्तरीतला मानूस. नातू टाईप करून देते, मी सांगतो.

थे रंगवलेले तांदूळ मले पटत नाई. तांदूळ रंगवाचा, खेळाचा, मंग उकिरड्यावर फेकाचा? ज्या घरी दाना मोजून शिजते, त्या घरचं लेकरू काय शिकन? लेकरानं तूर हातात घेतली त पाप नाई लागत. पन खेळ झाल्यावर थे निवडून, पाखडून कोंबड्याइले तरी गेली पायजे. तुमच्या अंगनवाडीत एक लहान सूप ठेवा. पाखडनं हाच खेळ हाय. आमची माय पाखडे तवा आमी समोर बसून फोलपटं उडतानी पाहो. सुपाचा आवाज अजून कानात हाय.

आता तीन गोष्टी, ध्यानात ठेवा.

पेरनीच्या थैलीतलं उरलेलं बी लेकराच्या हाती द्याचं नाई. थे लाल-निळं रंगवलेलं असते, गोळीवानी दिसते. त्याले औषध लावलेलं हाय.

कुंपनावरच्या गुंजा आन् एरंडाच्या बिया परातीत नको. दिसाले लय सुंदर. चावून पोटात गेल्या त जीव घेतात.

कापूस घेतानी शेवटची फवारनी कवा झाली थे इचारून घ्या. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. थे साल आमी इसरलो नाई.

---

बोंडफूल (सकाळी ११:५२)

काका, सुपाचं एकदम पटलं. बुरडाकडे लहान सूप मिळतं का बघते. कापूस आमच्याच वावरातला घेईन, फवारणी दिवाळीच्या बऱ्याच आधी बंद झाली आहे. तरी दोन दिवस उन्हात पसरते.

---

पुण्यात_अडकलेला (दुपारी १:१५)

मूळचा अकोल्याचा, आता हिंजवडीत. इकडे माझ्या मुलीच्या प्लेस्कूलमध्ये 'हार्वेस्ट वीक' झाला. प्रत्येकी साडेचारशे रुपये घेतले आणि गवताच्या पेंढीजवळ उभं करून फोटो काढले. मुलीला विचारलं, कापूस कुठून येतो? म्हणाली, बाथरूमच्या कपाटातून.

तुमचा धागा वाचून ताराबाई मोडक आठवल्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या, त्या शिंपले, खडे, बिया, पानं यांच्यावरच. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांनी आधी स्वतः वापरून पाहिलं आणि मग सोडलं. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. पुढे १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज अंगणवाडी म्हटलं की लोकांना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली सरकारी योजना आठवते. अंगणात भरणारी वाडी हा विचार त्या दोघींनी त्याआधीच रुजवला होता.

---

वऱ्हाडी_ठेचा (दुपारी १:२८)

साडेचारशेत आमच्याकडे पाच-साडेपाच किलो कापूस येते भाऊ. पोरीले घेऊन या, फुकट लोळू द्या.

---

निवृत्त_गुरुजी (सायंकाळी ६:०५)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एक प्रयोग सुचवतो, चार-पाच वर्षांच्या मुलांनाही आवडतो.

दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत मेडिकलमधल्या कापसाचा बोळा टाका, दुसरीत सरकी, म्हणजे बी, काढलेली वावरातली रुई. मेडिकलचा बोळा बघता बघता पाणी पितो आणि खाली जातो. वावरातली रुई तरंगत राहते, बोटानं दाबली तरी वर येते. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. दवाखान्याचा कापूस कारखान्यात सोड्यासारख्या द्रव्यात उकळून तो थर काढलेला असतो.

मुलांना मेण वगैरे सांगू नका. दोन वाट्या द्या आणि गप्प बसा. शिक्षकाला तेच सगळ्यात जड जातं, मला तर फारच जायचं.

---

सडेतोड_७ (रात्री ८:४५)

माफ करा, पण एक विचारते. वेचणीच्या हंगामात लेकरांना कापसाचाच खेळ? आया दिवसभर तेच करतात. दहा-बारा वर्षांच्या पोरी शाळा सोडून वेचायला जातात, हे आपण सगळे जाणतो. अंगणवाडीत तरी त्यांना दुसरं जग दाखवा. नाहीतर खेळाच्या नावाखाली आपण मजूरच घडवतो आहोत.

---

झाडीपट्टीवाली (रात्री ९:१०)

डॉक्टरची पोर स्टेथोस्कोप घेऊन खेळते तेव्हा तिला कुणी मजूर म्हणत नाही हो ताई.

---

सडेतोड_७ (रात्री ९:१४)

डॉक्टरच्या पोरीला पुढे निवड असते. या लेकरांना असते का?

---

बोंडफूल (रात्री १०:३०)

ताई, तुमचा प्रश्न टाळत नाही, पण लगेच उत्तरही नाही माझ्याकडे. आधी करून बघते. सध्या सासूबाईंची परात घासते आहे, मातीचा डाग जात नाही.

---

बोंडफूल (११ डिसेंबर, रात्री ९:२०)

उशीर झाला, मध्ये लसीकरण आणि माहिती भरण्यात दिवस गेले. आता सांगते.

परातीत फक्त कापूस. अर्ध्या किलोत परात शिगोशीग भरते, विकत घ्यायचा म्हटला तरी चाळीसच्या आसपास. लहान चौघांचा गट वेगळा केला. त्यांच्यासाठी मी आणि मदतनीस ताईंनी दुपारभर बसून हातानं सरकी काढली, हाती आली मूठ-दोन मुठी रुई. (क्विंटलभर कापसातून यंत्रावर तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच. हातानं काढताना ते बोटांना कळतं.) त्या रुईसोबत संत्र्याची साल. साल मोडली की बारीक फवारा उडतो, त्याचा वास रुईत बसतो, आणि मग ती चौघं एकमेकांच्या नाकाला रुई लावत बसली. डोळ्यात उडालं तर चुरचुरतं, म्हणून साल मीच मोडून दिली.

मोठ्यांना सरकीसकट कापूस, चार-पाच बोंडांसकट. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात, ती आधी कात्रीनं कापली. एवढं करून मी बाजूला बसले. मनात होतं की आता ती मऊ, खरखरीत, हलकं असं काहीतरी म्हणतील आणि मी वहीत लिहीन.

तसलं काही झालं नाही. एक मुलगी आहे, जूनपासून तिनं अंगणवाडीत दहा शब्द बोलले नसतील. ती उठून माझ्यापाशी आली आणि माझी ओढणी ओढायला लागली. मला कळेना. मग तिनं स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. ओटी बांधून हवी होती. बांधून दिली. तिनं दोन्ही हातांनी भराभर कापूस ओटीत भरला, तिच्या आईसारखा, बोंडाकडे न बघता. बाकीच्यांनाही मग ओट्या हव्या. दुपट्टे, टॉवेल, एकाला पोत्याचा तुकडा.

ओटी भरल्यावर ती म्हणाली, "काटा."

लेकरांचं महिन्याचं वजन घ्यायला आमच्याकडे लटकता काटा आहे, झोळीचा. तोच हवा होता. दाराच्या वरच्या कडीला अडकवून दिला. झोळीत कापूस टाकला, काटा जेमतेम हलला. ती चवड्यावर उभी राहून वर बघत म्हणाली, "बारा किलो." दुसरा आला, त्याचेही बारा किलो. तिसऱ्याचे तीस. अर्ध्या तासात आमच्या परातीतून निदान दोन क्विंटल माल निघाला असेल.

मग एक पठ्ठ्या पाण्याचा पेला घेऊन आला आणि कापसावर शिंपडायला लागला. म्हटलं काय करतोस रे? "वजन वाढते मॅडम." हे त्यानं कुठं पाहिलं ते मी विचारलं नाही. पण गुरुजी, पाणी आत गेलंच नाही. थेंब कापसावर मोत्यांसारखे थांबले आणि ओघळून खाली पडले. तो बघतच राहिला. बोटानं थेंब ढकलला, दुसरा ढकलला. मग मी पळत जाऊन प्रथमोपचार पेटीतला कापूस आणि दोन वाट्या आणल्या. पुढची वीस मिनिटं तिथं कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.

सडेतोड ताई, तुमचं म्हणणं मी मनात ठेवूनच बसले होते. त्या खेळात वेचणारं कुणीच फार वेळ राहिलं नाही. सगळ्यांना काट्याशी उभं राहायचं होतं. भांडण झालं ते त्यावरून. माप कुणी सांगायचं, हे त्या मुलीनं ठरवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. याचा अर्थ काय घ्यायचा तो तुम्ही घ्या. मला त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला, एवढं खरं.

शेवटी ती स्वतःच झोळीत बसली. १३ किलो २०० ग्रॅम. हे मात्र मी रजिस्टरमध्ये लिहिलं.

---

सडेतोड_७ (रात्री ९:५०)

वाचलं. माझा प्रश्न अजून आहेच, पण काट्याचं वाचून हसू आलं. पुढच्या वेळी तिला वही-पेन्सिल पण द्या. माप सांगते तर लिहीलही.

---

काळी_माती (रात्री ९:५८)

पानी मारनारा पोट्टा मोठेपनी व्यापारी होते पाय. नाकात दाना?

---

बोंडफूल (रात्री १०:०५)

नाही काका, या वेळी कुणाच्याच नाही. सूपही मिळालं. तूर वाळली की पाखडायला घेऊ.

---

झाडीपट्टीवाली (रात्री १०:१५)

जानेवारीत काय करणार? बोरं देऊ नका, बी गिळतात. तुमच्याकडे हरभरा असेल ना? पहाटेचं दव हरभऱ्याच्या पानांवर आंबट होतं. आमची आजी रात्री झाडांवर धुतलेलं फडकं पसरायची आणि सकाळी पिळून आंब काढायची, पोट दुखलं की त्यातले थेंब पाण्यात घालून द्यायची. लेकरांना सकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर न्या. पानांवरून हात फिरवून बोट चाटू द्या, चेहरे बघा. फवारा मारलेला नसला पाहिजे, हे काकांनी सांगायच्या आत मीच सांगते.

---

बोंडफूल (रात्री १०:२२)

अंगणवाडीच्या मागेच एकाचा हरभरा आहे, उद्या त्याला विचारते. आणि होळीआधी पळस फुलला की फुलं रात्रभर पाण्यात भिजवून रंग काढू, तो माझ्या डोक्यात आहेच.

परात मात्र यापुढे अंगणवाडीचीच घ्यावी लागेल. संक्रांत जवळ आली, सासूबाईंनी आज तिसऱ्यांदा विचारलं.

---

वऱ्हाडी_ठेचा (रात्री १०:२५)

ताई, थो फोटो राहिलाच.